एक लेखिका, तीन नावे : विभावरी शिरूरकर यांचे कौटुंबिक जीवन

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट प्रथमच इतक्या उघडपणे मराठी वाचकांसमोर आली. मोठी खळबळ उडाली. लेखिका काय म्हणते यापेक्षा ती कोण आहे, याचीच चर्चा अधिक झाली. आपण मात्र हे टोपणनाव भाषिक दृष्टीने पाहू.

बाळूताई खरे हे लेखिकेचे माहेरचे नाव. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. मराठी रूढीनुसार स्त्रीच्या नावापुढे आधी पित्याचे आणि नंतर पतीचे नाव व आडनाव लागते. ‘विभावरी’ म्हणजे रात्र. ‘शिरूरकर’ हे शिरूर या ग्रामनामाला ‘-कर’ प्रत्यय लावून साधलेले आडनाव. त्यात ना पिता आहे, ना पती. स्वतः घेतलेले हे नाव त्यांनी विवाहानंतरच्या ‘बळी’ (१९५०) या कादंबरीसाठीही कायम ठेवले. म्हणूनच ते केवळ लपण्याचे साधन ठरत नाही.

परंतु यावरून लेखिकेने पित्याला नाकारले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वडील अनंतराव खरे हे पुरोगामी विचारांचे शिक्षक होते. मुलीला महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्थेत शिकावयास पाठवणारे हेच घर. १९५३ मध्ये वडिलांच्या जीवनावर आधारलेली त्यांची कादंबरी आली आणि तिचे नाव होते ‘खरेमास्तर’. वीस वर्षांपूर्वी जे आडनाव मुखपृष्ठावर येऊ दिले नव्हते, तेच आता शीर्षकात आले. लेखिकेचे नाव मात्र विभावरी शिरूरकर हेच राहिले.

या कुटुंबाची आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. आई इंदिराबाई यांनी पंचवीस वर्षे दुधाचा व्यवसाय यशस्वीपणे सांभाळला. कर्तबगार, कमावती स्त्री लेखिकेने प्रथम पाहिली ती आपल्याच घरात. तरीही कादंबरीच्या शीर्षकाचा मान मिळाला तो पित्याला. ‘खरेमास्तर’ वाचताना घर चालवणाऱ्या स्त्रीला कथनात किती जागा मिळाली आहे, हे आपण स्वतः तपासावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. चरित्र हे कलाकृतीचे उत्तर नसते. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मधील नायिकेत लेखिकेला शोधत बसणे म्हणजे १९३३ च्या वाचकांचीच चूक पुन्हा करणे होय. चरित्रामुळे संहितेला नवे प्रश्न विचारता येतात. त्यांची उत्तरे मात्र संहितेतच शोधावी लागतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाची भाषिक घडण स्पष्ट करा.
२. आपल्या कुटुंबातील एखाद्या स्त्रीची विवाहापूर्वीची व नंतरची नावे लिहा. त्यांपैकी कोणते नाव तिने स्वतः निवडले होते?