‘ॲलर्जिक’ या शब्दाला भिऊ नकोस

मालेगाव, जि. वाशीम

चि. बेबीस,

काल फोनवर तू त्या सहा वर्षांच्या पोराचं सांगितलंस, तेव्हापासून जिवाला चैन नाही. मागच्या वर्षी त्याला ॲलर्जिक परपुरा झाला होता असं त्याची आई म्हणाली आणि तू डीपीटीचा बूस्टर न देताच त्याला परत पाठवलंस. भीतीपोटी केलंस हे कळतं. पण बेबी, चुकलंच.

घोळ नावात आहे. ही पेनिसिलिनची असते तशी ॲलर्जी नव्हे. यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, पुष्कळदा सर्दी-घसादुखीनंतर. रिसोड तालुक्यात असताना मी अशी एक पोरगी पाहिली होती. नडग्यांवर, मोज्याचं रबर बसतं तिथे, हाताला लागणारे जांभळे ठिपके. दाबले तरी फिके होईनात. घोटे सुजल्यामुळे पायात चप्पल जाईना, आणि सारखी पोट धरून बसायची. दीडेक महिन्यात बरी झाली, तरी डॉक्टरांनी लघवीची तपासणी सहा महिने चालू ठेवली. या आजारात जपायचं ते मूत्रपिंड.

आता लशीचं. लशीनंतर असे डाग उठल्याच्या तुरळक नोंदी जगात आहेत, आईने विचारलं तर लपवू नकोस. पण फ्रान्समध्ये या आजाराच्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. पूर्वी कधीतरी परपुरा झाला होता, एवढ्यावरून लस नाकारायची नसते. मात्र डाग ताजे असतील, पोट दुखत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर थांबायचं. आधीच्या डोसनंतर लगेच श्वास कोंडला, चेहरा सुजला असं झालं असेल, तर तीच लस पुन्हा द्यायची नाही. आणि डाग लशीनंतर थोड्याच दिवसांत उठले असतील, तर पुढचं डॉक्टर ठरवतील.

सगळ्यात महत्त्वाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या. मूत्रपिंडासाठी जास्त मात्रेत स्टिरॉइड दोन आठवडे किंवा अधिक चाललं असेल, तर ते बंद झाल्यावर निदान महिनाभर गोवर-रुबेलासारखी जिवंत लस देत नाहीत. डीपीटी जिवंत लस नाही. तरी आईच्या आठवणीवर जाऊ नकोस, फाइल मागून स्वतः वाच. प्लेटलेट कमी लिहिल्या असतील तर आजारच वेगळा, ते आधी डॉक्टरांना दाखव.

2022 साली मुंबईत, भिवंडीत आणि नाशिककडच्या मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं दगावली. लस राहून गेलेल्या पोरांनाच साथ आधी गाठते. घटसर्प आणि डांग्या खोकलाही तसेच. तुझ्या एका ‘नको’मुळे ही आई पुढची कुठलीच लस देणार नाही, आणि शेजारणीलाही तेच सांगेल. मला खरी धास्ती त्याची आहे.

सात वर्षं उलटली की डीपीटी देत नाहीत, म्हणजे पोराकडे थोडेच महिने आहेत. उद्याच त्याच्या घरी जा. ‘परवा माझं चुकलं’ असं आईला सरळ सांग. फाइल घेऊन दोघांना वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे ने. त्यांनी हो म्हटलं तर लस दे, अर्धा तास समोर बसव, आणि आईला तुझा नंबर लिहून दे. डाग दिसले तर तिने त्याच दिवशी फोन करायचा.

काय झालं ते मला कळव.

तुझी आत्या