पिल्लाच्या आधी तू पोहोच

गिरगाव, श्रावण

चिरंजीव,


तुझ्या आईचा फोन आला होता. पिल्लू स्वतःचीच शी खातं, म्हणून आजीने त्याला ओट्याजवळ यायची बंदी केली आहे आणि तू त्याचं नाक घाणीत घासून त्याला अद्दल घडवतोस, असं कळलं. आजीचं मला पटलं, तुझं नाही.

नाक घासणं आजपासून बंद. शी दिसली की मालक चिडतो, एवढंच त्याला त्यातून कळतं, आणि मग ते ती आणखी घाईने संपवतं. ओरडत धावलास तरी तेच होणार. एवढी झटापट होते म्हणजे चीज मोलाची असणार, असा त्याचा हिशेब.

त्याला ती घाण वाटतच नाही. पहिले काही आठवडे कुत्री पिल्लांना चाटून मोकळं करते आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून सगळं स्वतःच खाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली यावर अभ्यास छापला. त्यात सुमारे १६ टक्के कुत्री हा प्रकार वारंवार करताना आढळली, आणि त्यांना हवी असते ती बहुतेक दोन दिवसांच्या आतली ताजी शी. हार्ट यांचा तर्क असा: विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांतून संसर्ग व्हायला काही दिवस जावे लागतात. त्याआधीच ती खाऊन टाकणाऱ्या, कुत्र्यांच्या पूर्वज लांडग्यांची राहायची जागा जंतांपासून सुरक्षित राहत असावी. ही खोड मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्यांना मात्र त्या अभ्यासात शून्य ते दोन टक्केच यश आलं. तेव्हा शेजारच्या काकू अननस सांगोत की वरच्या मजल्यावरचे काका मिरपूड, मान डोलव आणि विसरून जा.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पिल्लाच्या आधी तू तिथे पोहोचायचं. खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, झोपेतून उठल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला होतेच. त्या वेळी पट्टा लावून रद्दीवर ने आणि गप्प उभा राहा. झालं की आधी आनंदाने हाक मार, दोन पावलं लांब बोलव, उकडलेल्या अंड्याचा नाहीतर चिकनचा तुकडा दे आणि मगच कागद गुंडाळ. हा क्रम उलटा करू नकोस. तू आधी वाकलास की शर्यत लागली. महिनाभर हे सगळ्यांनी पाळायला हवं, तुझ्या बाबांनीसुद्धा.

तू नोकरीवर गेल्यावर ते दिवसभर गॅलरीच्या कठड्याला बांधलेलं असतं म्हणे. तिथे त्याला दुसरा उद्योग काय? कोणीतरी दुपारी सोडून खेळवायला हवं. खाणंही एकदम ढीगभर नको. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. गणपतीत लालबागच्या ढोलांनी ते बिथरेल. त्या दिवसांत आतल्या बाजूला ठेव.

लसी पूर्ण होईपर्यंत त्याला गल्लीत जमिनीवर सोडू नकोस, कडेवर ने. पार्वो हा जीवघेणा रोग मुख्यतः दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरतो. जंत तर पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देतात. तुमच्याकडे ते दिलं गेलं का, हे तुझ्या आईलाही सांगता आलं नाही. हे जंत माणसाच्या मुलांनाही बाधतात. त्याला धाकटीचं तोंड चाटू देऊ नकोस, आणि तिला हात साबणाने धुवायला लाव.

भरपूर खाऊनही पिल्लू हडकतंय, पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, शी पातळ किंवा तेलकट होतेय, यातलं काही दिसलं तर ही नुसती खोड नाही. जंत असतील किंवा अन्न पचत नसेल. मोठेपणी शी खाणं अचानक सुरू झालं तरी डॉक्टरकडेच न्यायचं.

परळ तुमच्या दारात आहे. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथलंच, आणि सगळे ज्याला बैलघोडा म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालयही तिथेच. या आठवड्यात सकाळची ताजी शी स्वच्छ डबीत घे, पिल्लाला पिशवीत बसव आणि तपासून आण. डॉक्टर काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग.

तुझा
मामा