बारा व्होल्टचे पावणेचौदा : संगणकाच्या एसएमपीएसचा एक पाठ

इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही विजेचा पाठ निवडला, त्यास कारण आहे. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आपले काही माजी विद्यार्थी कंट्रोल पॅनेल, सेन्सर व वायरिंगची कामे करतात. भेटीत त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो. भंगारात निघालेल्या संगणकाचा एसएमपीएस १२ व्होल्ट देतो. तो थोडा वाढवून बॅटरी चार्ज करता येईल काय? दोन जोडून २४ व्होल्ट मिळतील काय? त्यांना बहुधा एवढेच उत्तर मिळते की, एक रेझिस्टर बदला, काम होते. कसे करावे हे सांगणारे पुष्कळ असतात. ते का घडते आणि कोठे थांबावे हे सांगणारे थोडे. ज्याला केवळ ‘कसे’ ठाऊक आहे तो हुकमाचा ताबेदार राहतो. ज्याला ‘का’ ठाऊक आहे तो वेळप्रसंगी नकारही देऊ शकतो.

१. पेटीच्या आत काय घडते?

घरातील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश केला जातो. २३० हे परिणामी मूल्य असते; त्याचे शिखरमूल्य १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. तेवढा दाब मोठ्या कपॅसिटरांत साठतो. ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, लहानसा ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो आणि पुन्हा एकदिश होऊन १२, ५ व ३.३ व्होल्टच्या वाहिन्या मिळतात. चालू राहण्याचा काळ वाढला की बाहेरचा व्होल्टेज वाढतो, घटला की उतरतो.

हा काळ कोण ठरवते? जुन्या अनेक पेट्यांत टीएल ४९४ किंवा त्याच जातीची चिप हे काम करते. बाहेरच्या व्होल्टेजचा ठराविक अंश दोन रेझिस्टरांच्या विभाजनातून चिपकडे परत येतो. चिप त्याची तुलना स्थिर संदर्भ व्होल्टेजशी करते आणि फरक मिटेपर्यंत काळ कमी-जास्त करते. पाण्याच्या टाकीतील फ्लोटसारखीच ही योजना आहे. फ्लोटचा दांडा वर वाकवला की पाण्याची पातळी वाढते. टाकीच्या भिंतीची उंची मात्र वाढत नाही. पुढील सारा पाठ या एका वाक्यात आहे.

२. गणित

संदर्भ २.५ व्होल्ट, खालचा रेझिस्टर १ किलोओहम आणि वरचा ३.८ किलोओहम मानू. मिळणारा व्होल्टेज = २.५ × (१ + ३.८) = १२. आता १३.८ व्होल्ट हवे असतील तर वरचा रेझिस्टर ४.५२ किलोओहम लागेल, कारण २.५ × ५.५२ = १३.८. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष पेटीत ५ व १२ या दोन्ही वाहिन्यांचा अंश एकत्र येतो, म्हणून प्रत्येक सर्किट स्वतंत्रपणे तपासावे लागते.

१३.८ हाच आकडा का? बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा कप्पे असतात. भरलेल्या अवस्थेत टिकवण्यासाठी प्रत्येकास सुमारे २.३ व्होल्ट लागतात. सहा गुणिले २.३ म्हणजे १३.८.

३. मर्यादा

पहिली मर्यादा सहवाहिन्यांची. १२ व ५ व्होल्ट एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येतात. १२ चे १३.८ झाले, म्हणजे १५ टक्के वाढ झाली, की ५ चे सुमारे ५.७५ होतात. असा एसएमपीएस पुन्हा कधीही संगणकाला जोडू नये.

दुसरी मर्यादा संरक्षक सर्किटाची. एटीएक्स मार्गदर्शिकेनुसार १२ व्होल्टच्या वाहिनीवरील संरक्षण १३.४ ते १५.६ व्होल्टच्या दरम्यान कोठेतरी काम करते. त्यामुळे काही पेट्या १३.८ गाठण्याआधीच बंद पडतात. तेव्हा संरक्षण तोडून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, आग थांबवणारी तीच शेवटची व्यवस्था असते.

तिसरी मर्यादा सुट्या भागांची. १२ व्होल्टच्या बाजूचे कपॅसिटर बहुधा १६ व्होल्टचे असतात. १३.८ त्यांना झेपते. १६ च्या पुढे ते फुगतात, फुटतात. शक्तीही तीच राहते : १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, १३.८ वर तेवढ्याच शक्तीत ८.७ अँपिअर मिळतील.

शिवाय हा चार्जर नव्हे. रिकाम्या बॅटरीत शिरणाऱ्या प्रवाहावर येथे योग्य बंधन नसते आणि वीज गेल्यावर बॅटरी उलट पेटीतच प्रवाह सोडू शकते. ज्याला केवळ बॅटरी भरायची आहे त्याने चार्जरच घ्यावा.

४. दोन जोडून चोवीस?

येथे सर्वांत मोठा घात आहे. संगणकाच्या एसएमपीएसचे ऋण टोक त्याच्या पत्र्याच्या पेटीला आणि त्यातून अर्थिंगला जोडलेले असते. दुसऱ्या पेटीचे ऋण टोक पहिलीच्या १२ व्होल्टला जोडताच ते १२ व्होल्ट अर्थिंगमधून शॉर्ट होतात. यावर अर्थिंगची तार काढून टाकण्याचा ‘उपाय’ सुचवला जातो. तो उपाय नव्हे; आतील इन्सुलेशन बिघडले तर त्या पेटीस हात लावणाऱ्याच्या देहातून वीज वाहील.

५. कारखान्यातील पद्धत

पॅनेलमधील २४ व्होल्टच्या औद्योगिक एसएमपीएसवर व्होल्टेज जुळवण्याचा लहान स्क्रू बहुधा दिलेलाच असतो, कारण लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतो. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. सेन्सर ५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर तार, म्हणजे १.८ ओहम, १ अँपिअरला १.८ व्होल्ट कमी होऊन टोकाला २२.२ उरतात. स्क्रू फिरवून २५.८ केले तर टोकाला २४ मिळतील, परंतु जवळच्या उपकरणांना २५.८ सोसावे लागतील. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट केवळ ०.७२ व्होल्ट होते. व्होल्टेज वाढवण्यापूर्वी तार जाड करावी, हा विचार ‘का’ विचारणाऱ्यालाच सुचतो.

६. पालकांसाठी

मुलांनी ही पेटी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत जीवघेणा दाब उरू शकतो. आयटीआयच्या कार्यशाळेत, जाणत्या निदेशकासमोर, मीटरने तपासून आणि अर्थिंग शाबूत ठेवूनच हा अभ्यास व्हावा. निकामी पेटी जाळू नये. ती अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

समारोप

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. मजुरांच्या प्रश्नांसोबत विजेचे धोरणही त्यांच्या खात्याकडे होते. वीज मुबलक व स्वस्त असावी हा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्याच कार्यकाळात १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा करणारा कायदा झाला. वीज आणि ती हाताळणारा माणूस हे दोन्ही विषय त्यांच्या एकाच मेजावर होते, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

आपल्या वाडवडिलांच्या हातांना काम मिळाले, पण त्या कामामागचे ज्ञान नाकारले गेले. आज पॅनेलपुढे उभ्या असलेल्या तरुणास कोणी म्हणाले, “अर्थिंग काढ, काम उरक,” तर त्याच्यापाशी नकाराचे कारण आणि ते पटवून देणारे गणित, दोन्ही असावे. शाळेने त्याला एवढे दिले, तर पुष्कळ दिले असे आम्ही मानू.