बागेत हळदीकुंकू: परवाना कुणाचा?

प्रश्न : आमच्या बचत गटाला संक्रांतीचं हळदीकुंकू पेठेतल्या महापालिकेच्या बागेत करायचं आहे. छोटा मांडव आणि स्पीकर असेल. आम्ही घरफाळा भरतो, बाग सार्वजनिक आहे. शिवाय पोलिसांना अर्ज देणारच आहोत. तेवढं पुरे ना?
– एक भगिनी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, बाग सर्वांची आहे, म्हणूनच तिचा काही भाग एका गटाने अडवायचा तर मालकाची, म्हणजे महापालिकेची, लेखी परवानगी लागते. पोलिसांचा परवाना आवाज आणि बंदोबस्तापुरता. त्याने जागा मिळत नाही.

आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज द्या. तारीख, वेळ, अंदाजे किती बायका येणार आणि मांडवाचं माप स्पष्ट लिहा. भाडं व अनामत तिथेच विचारा, पावती जपा. ते पत्र जोडून जुना राजवाडा पोलीस ठाण्यात स्पीकरची परवानगी मागा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. हे फार कमी आहे. छोटा स्पीकरच घ्या. झाडांना खिळे किंवा दोऱ्या नकोत, मांडव स्वतःच्या खांबांवर उभा राहू दे.

बाग नाकारली तर गांधी मैदानासाठी विचारा. वरुणतीर्थ तळं बुजवून झालेल्या या मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं, जानेवारीत ती अडचण नाही. मांडव-स्पीकर नसेल तर गल्लीतलं अंगणही चालेल.

घाबरण्यासारखं यात काही नाही. फक्त तोंडी होकारावर मांडववाल्याला विसार देऊ नका.