पुतळ्यातला मुलगा

अगं, तुझं भाषण वाचलं. 'रणधुरंधर', 'नरवीर', 'मृत्युंजय'... सुरुवातीलाच विशेषणांची रांग लागलीय. त्या गर्दीत यशवंत घाडगे मला काही दिसला नाही. हो, 'तो'च म्हणते मी. गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आपल्या धाकट्याएवढा. रागावू नकोस, थोरली म्हणून सांगते.

माणगावची तुझी मुलं त्याच्या पुतळ्यावरून येता-जाता असतात. पुतळा त्यांना पाठ आहे, मुलगा ठाऊक नाही. तेव्हा तू त्या दिवसापासूनच सुरू कर. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये हा नाईक, हाताखाली एक लहानशी तुकडी. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्याशिवाय तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटाच धावला. ग्रेनेडनं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले; मग टॉमीगननं आणखी एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच झोडपून ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एवढं सरळ सांगितलंस तरी वर्ग गप्प होईल. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे नंतर एका वाक्यात सांग.

आठवीतलं एखादं पोर विचारणारच, "बाई, पण तो इंग्रजांसाठीच लढला ना?" त्याला दटावू नकोस, प्रश्न चांगला आहे. इकडे 'चले जाव'ची चळवळ होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, नेते तुरुंगात होते, आणि त्याच काळात लाखो हिंदी तरुण त्याच सरकारच्या फौजेत होते. कुणी पगारासाठी गेलं, कुणी घराण्याची रीत म्हणून. समोर हिटलरची फौज होती, हेही खरं. दोन्ही सांग. त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याच्या तोंडी देशभक्तीची वाक्यं घालू नकोस. तुझ्या भाषणात ती आहेत, तेवढी खोड.

आणखी एक. त्याची ओळखलेली कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या चार हजारांहून जास्त जणांमध्ये त्याचं नाव कोरलंय. घरच्यांना माती द्यायलाही मिळाली नाही, हे मुलींना चटकन कळेल बघ. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, तेही सांग. परक्या गावानं आठवण ठेवली, तर आपल्या तालुक्यात नुसता हार घालून भागणार नाही.

घोषणा हव्यातच तर शेवटी दे. आणि नवं लिहून झालं की आधी मला फोनवर वाचून दाखव.