मल्टिपल स्क्लेरोसिस : दिवस कसा आखावा?

दिवाळीच्या पहिल्या दिवशी भल्या पहाटे एका घरातून बोलावणे आले. घरची सून अभ्यंगस्नान करून न्हाणीघरातच बसून राहिली होती. पाय उचलत नव्हते, एका डोळ्यापुढे धुके आल्यासारखे दिसत होते. बंबातले कढत पाणी तिने अंगावर घेतले होते. मी पोहोचलो तेव्हा दोघींनी धरून तिला ओट्यावर आणून बसविले होते आणि बाहेरच्या बाधेपर्यंत चर्चा गेली होती. तासाभराने, अंग निवल्यावर, ती आपण होऊन चालत आत गेली. सासूबाई म्हणाल्या, "बघा डॉक्टर, आता कशी चालती! रोजचंच हाये. सकाळी बरी असती, दुपारी अंग टाकती. कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

मला मात्र त्या तासाभराने जागे केले. हीच बाई आदल्या पावसाळ्यात, भाताच्या लावणीनंतर, हाताला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे आली होती. दिवसभर वाकून चिखलात काम, त्यामुळे नस दबली असेल, असे समजून मी तिला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन पाठविले होते. त्याआधी तिचा एक डोळा दुखून अंधुक झाला होता आणि कुणीतरी चष्मा दिला होता. डोळा, हात आणि पाय या तीन तक्रारी तीन वेगळ्या वेळी आल्या आणि मी त्या एका दोरीत ओवल्या नाहीत. पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविल्यावर एम.आर.आय. व पाठीतील पाण्याची तपासणी झाली आणि निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस. वर्षभर उशीर झाला, आणि त्यातला निम्मा माझ्यामुळे.

या आजारात नेमके काय होते? विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलीन नावाचे आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच चुकून मेंदू, मज्जारज्जू व डोळ्याच्या मज्जातंतूवरील या आवरणावर हल्ला करते. आवरण जागोजागी खरवडले गेले की संदेश नीट पोहोचत नाहीत. जिथे इजा, तिथले लक्षण. म्हणून कुणाची नजर जाते, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीची घाई होते. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. बहुधा २० ते ४० या वयात तो सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो. थंड देशांत त्याचे प्रमाण जास्त, आपल्याकडे कमी. मात्र आपल्याच मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक असल्याचे दाखवून दिले. त्यांचा तो लेख १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. हा रोग संसर्गजन्य नाही. पूर्वजन्मीचे पाप नाही आणि बाधा तर नाहीच नाही.

आता त्या कढत पाण्याविषयी. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडतो. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये हे प्रथम नोंदविले. एम.आर.आय. येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहून निदान करीत असत. अंग थंड झाले की संदेश पुन्हा जाऊ लागतो. म्हणजे सकाळी चालणारी, दुपारी अडखळणारी आणि संध्याकाळी पुन्हा चालणारी बाई ढोंग करीत नसते. घरच्यांनी एवढे एक वाक्य समजून घेतले तरी निम्मे औषध झाले, असे मी म्हणेन.

म्हणून दिनचर्येतला पहिला बदल न्हाणीघरात. पाणी कोमट घ्यावे, स्टुलावर किंवा चौरंगावर बसून आंघोळ करावी. शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, तिथे रबरी चटई आणि भिंतीला एक मजबूत पाइप बसवावा. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात बसवून देतो. उकिडवे बसणे जड जात असेल तर मध्ये भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची संडासावर ठेवता येते. पाण्याचे तापमान पाहताना बधिर हाताने पाहू नये. दुसऱ्याला पाहू द्यावे, किंवा कोपराने पाहावे. चुलीपाशी, इस्त्रीपाशी आणि शेकोटीपाशीही तीच काळजी. पाय बधिर असलेल्या माणसाला भाजल्याचे कळते ते फोड आल्यावर.

दुसरी गोष्ट थकव्याची. या आजारातला थकवा कष्टाच्या थकव्यासारखा नसतो. माझ्या रुग्णाला मी उन्हाळ्यातल्या विहिरीचे उदाहरण दिले. रात्रभरात झऱ्याचे पाणी साठते. पहाटे मोटार लावून एकदम उपसले तर गाळ लागतो आणि दिवसभर हात हलवीत बसावे लागते. थोडे उपसावे, थांबावे, पुन्हा झिरपू द्यावे. त्याप्रमाणे तिने दिवस मांडला. अवघड काम सकाळी दहाच्या आत. भाजी निवडणे, कणीक मळणे बसून. भाकऱ्या एकदम दहा-बारा न थापता मध्ये दम घ्यायचा. दुपारी जेवणानंतर तासभर आडवे व्हायचे, आणि हे अगदी गळून जाण्याआधी, गळून गेल्यावर नव्हे. धुणे आणि पाणी भरणे जावेकडे गेले, त्या बदल्यात मुलांचा अभ्यास हिच्याकडे आला. ही अदलाबदल सुचविली ती सासूबाईंनीच, हे मुद्दाम लिहितो.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पौड-पिरंगुट भागातही ऊन तापते आणि वीज तर केव्हाही जाते. तेव्हा माठातल्या पाण्यात बुडवून पिळलेला पंचा मानेभोवती ठेवावा, सुती सैल कपडे वापरावेत, शेतातली किंवा बाजाराची कामे ऊन चढण्याआधी उरकावीत. पावसाळ्यात धोका वेगळा. ताम्हिणीकडच्या गावांत चार महिने वाट म्हणजे चिखल. तोल जाणाऱ्या माणसाने काठी वापरण्यात कमीपणा मानू नये. खाली रबर बसविलेली काठी घ्यावी. पडून मांडीचे हाड मोडल्यावर जो दोष येतो, तो काठीच्या लाजेपेक्षा फार मोठा असतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा या रुग्णांना सक्त विश्रांती सांगितली जाई. ते मत आता मागे पडले आहे. बेताचा व्यायाम थकवा कमी करतो, ताठरलेले स्नायू मोकळे करतो आणि मनालाही उभारी देतो. सकाळच्या गारव्यात वीस मिनिटे चालणे, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणे, खुर्ची धरून उभे राहणे-बसणे, एवढेही पुष्कळ. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावे. व्यायामाने अंग तापून लक्षणे तात्पुरती वाढली तर घाबरू नये. थांबावे, गार व्हावे. त्याने आजार वाढत नाही.

जो विषय बायका दवाखान्यात बोलत नाहीत, तो लघवीचा. घाई होते, वाटेत थेंब जातात, म्हणून पाणीच पिणे बंद करतात. एस.टी.ने पुण्याला जायचे तर आदल्या संध्याकाळपासून घोटभरही नाही! यामुळे लघवी दाट होऊन जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि तापाने पुन्हा पाय जातात. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास कमी करावे, चहा आवरावा. इच्छा होवो न होवो, दर दोन-तीन तासांनी घड्याळाकडे पाहून जाऊन यावे. लघवी पूर्ण होत नसल्यास जोर करीत बसू नये, डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय आहेत. बद्धकोष्ठतेसाठी पालेभाजी, नाचणीची भाकरी, डाळी, फळे. रोज ठरावीक वेळी शौचास बसण्याची सवयही कामी येते.

नवा झटका कोणता आणि नेहमीचा चढउतार कोणता, हे रुग्णाला कळले पाहिजे. नवे लक्षण किंवा जुन्याची स्पष्ट वाढ चोवीस तासांहून अधिक टिकली, आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर तो झटका समजावा व तज्ज्ञांना गाठावे. तेव्हा बहुधा तीन ते पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन देतात. ताप असेल तर आधी ताप उतरवावा आणि लघवी तपासावी. पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी रुळावर येते. पण स्टेरॉइडच्या गोळ्या मागच्या चिठ्ठीवर दुकानातून आणून खाऊ नयेत. साखर, रक्तदाब आणि हाडे, तिन्ही बिघडतात. पाय आखडू नयेत म्हणून दिलेली बॅक्लोफेनची गोळीही मनाने एकदम बंद करू नये, ते धोक्याचे आहे.

झटके कमी करणारी औषधे आता आहेत. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन या इंजेक्शनला मान्यता मिळाली, तेव्हापासून हे दार उघडले. पुढे गोळ्या आल्या, सलाइनमधून देण्याची औषधेही आली. ती झालेले नुकसान भरून काढीत नाहीत, पुढचे टाळतात. त्यामुळे "बरे वाटते, मग कशाला?" म्हणून सोडणे हा घाट्याचा व्यवहार. यांतील बरीच औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून खोकला लांबला, वजन घटले तर क्षयाची शंका घ्यावी, आणि कोणतीही लस घेण्यापूर्वी तज्ज्ञांना विचारावे. दिसायला असाच पण वेगळा असा एक आजार (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आहे. त्यात यांतली काही औषधे उलटतात. बी-१२ ची कमतरता आणि मणक्याचा क्षयही असे सोंग घेऊ शकतात. मुंग्या म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस असे कुणी समजू नये. हा लेख वाचून उद्या दवाखान्यात रांग लागायला नको! नजर अचानक अंधुक होणे, दोन्ही पायांत जडपणा येणे, मान खाली घालताच पाठीतून वीज गेल्यासारखे वाटणे, या गोष्टी मात्र अंगावर काढू नयेत.

विडी-सिगारेटने हा आजार वेगाने पुढे जातो, ती सोडावीच. ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर सांगितलेल्या मात्रेत घ्यावे. जास्त म्हणजे चांगले नव्हे.

लग्न आणि मूल हा प्रश्न घरोघरी कुजबुजत विचारला जातो. गर्भारपण निषिद्ध नाही. उलट शेवटच्या तीन महिन्यांत झटके कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत मात्र वाढतात. तेव्हा माहेर-सासर दोघांनीही मदतीची तयारी ठेवावी. काही औषधे दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी बंद करावी लागतात, म्हणून ठरवून आणि विचारून पुढे जावे. मुलाला आजार होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते.

उदासपणाबद्दल एकच सांगतो. तो या आजारात फार आढळतो, आजाराचाच भाग असू शकतो, आणि उपचाराने बरा होतो. सतत रडू येणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे, असे बोलून दाखविले तर "मन घट्ट कर" म्हणून वाटेला लावू नये.

सरकारदरबारी काय मिळते, तेही लिहितो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास प्रमाणपत्रावर सवलती मिळू शकतात. त्यासाठी यू.डी.आय.डी. कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जाताना एम.आर.आय.ची फिल्म आणि तज्ज्ञांची चिठ्ठी न्यावी, आणि दिवसातल्या अवघड वेळी पाय कसे होतात हे आपण होऊन सांगावे. तपासणी सकाळी असते आणि सकाळी आपण चांगले चालतो, ही या आजाराची गंमत! मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. तिची शाखा पुण्यातही आहे. समदुःखी माणसे तिथे भेटतात. पहिल्यांदा जाताना बरोबर घरचे कुणीतरी न्यावे, कारण ऐकायचे त्यांनाही असते.

आमच्या त्या बाईला मधल्या काळात एकच झटका आला. परवा पावसात त्यांच्या खाचरावरून जात होतो. लावणी चालली होती. ती बांधावर इरलेवजा ताडपत्रीखाली बसून रोपांच्या जुड्या बांधून देत होती आणि सासूबाई गुडघाभर चिखलातून येऊन त्या नेत होत्या. मला पाहून त्याच ओरडल्या, "डॉक्टर, दहा वाजले, आता हिला घरी धाडते!"