कोलोन–बॉन मोटारमार्ग : एका रस्त्याचा इतिहास आणि एक दंतकथा

‘हिटलर कसाही असला, तरी जर्मनीत मोठे रस्ते त्यानेच बांधले,’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. वादविवाद स्पर्धेत ते ऐकू येते, चहाच्या टपरीवरील गप्पांत ऐकू येते, आणि हुकूमशाहीची भलावण करणारा माणूस तर ते हटकून उच्चारतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यापाशी थोडे थांबावे. रस्ता ही डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी वस्तू आहे. तो कोणी आखला, कोणी खणला, कधी खुला झाला, याच्या नोंदी असतात. म्हणूनच या विधानाची परीक्षा एखादा विशिष्ट रस्ता समोर ठेवून करणे शक्य आहे. प्रस्तुत लेखात पश्चिम जर्मनीतील कोलोन व बॉन या दोन शहरांना जोडणाऱ्या मोटारमार्गाचा विचार करावयाचा आहे. आज हा मार्ग ‘ए ५५५’ या क्रमांकाने ओळखला जातो. त्याची लांबी जेमतेम २० किलोमीटर असली, तरी त्याच्या इतिहासाने एका फार मोठ्या दंतकथेचे मूळच उघडे पाडले आहे.

पूर्वपीठिका

कोलोन आणि बॉन ही दोन्ही गावे ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर वसलेली असून दोहोंचा इतिहास रोमन काळापर्यंत मागे जातो. रोमन सैन्याच्या छावण्या या नदीकाठी होत्या व त्यांना जोडणारा रस्ताही होता. पुढे शतकानुशतके याच पट्ट्यातून माल, माणसे व सैन्ये यांची ये-जा चालू राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मात्र परिस्थिती बदलली. जुना रस्ता गावागावांतून जात होता. त्यावर घोडागाड्या, सायकली, पादचारी, गुरे आणि नव्याने आलेल्या मोटारी या सर्वांची एकच गर्दी होऊ लागली. कोलोन-बॉन रस्ता हा त्या काळी जर्मनीतील अत्यंत वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक गणला जात असे.

केवळ मोटारींसाठी वेगळा रस्ता असावा, ही कल्पना त्या वेळी अगदीच नवीन नव्हती. बर्लिनमध्ये १९२१ साली ‘आवुस’ नावाचा मार्ग खुला झाला होता. परंतु तो प्रामुख्याने मोटारींच्या शर्यती व चाचण्या यांसाठी होता आणि त्यावर जाण्यास पैसे मोजावे लागत. इटलीत पिएरो पुरिचेल्ली या अभियंत्याच्या पुढाकाराने मिलान शहरापासून सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणारा मोटारमार्ग १९२४ साली सुरू झाला. तोही पथकर घेणारा होता. जर्मनीत १९२६ साली ‘हाफ्राबा’ नावाची एक संस्था स्थापन झाली. उत्तरेकडील हान्झा शहरांपासून फ्रांकफुर्टमार्गे स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत मोटारमार्ग बांधावा, असा तिचा प्रचार होता. तिने नकाशे केले, आराखडे केले. परंतु पैशाअभावी व राजकीय विरोधामुळे ते कागदावरच राहिले. गंमत अशी की, त्या काळी राईशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, या योजनेस विरोध करणाऱ्यांत खुद्द नाझी पक्षही होता.

मार्गाची आखणी

देशव्यापी योजना अडून बसली असता ऱ्हाईन प्रांताच्या प्रशासनाने आपल्यापुरते काम हाती घेतले. प्रांताचे प्रमुख योहानेस होरिओन आणि कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी या रस्त्याचा पाठपुरावा केला. आडेनाउअर १९१७ पासून कोलोनचे महापौर होते. शहरात उद्योग यावेत अशी त्यांची सतत खटपट असे. अमेरिकेतील फोर्ड कंपनीचा मोटार कारखाना कोलोनला आणण्यात त्यांना यश आले व १९३० साली स्वतः हेन्री फोर्ड यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. मोटार येणार म्हणजे रस्ता हवा, हे त्यांना दिसत होते.

हा मार्ग कोलोनच्या दक्षिण टोकापासून निघतो. उजव्या हाताला पश्चिमेकडे ‘फोरगेबिर्गे’ नावाची ठेंगणी टेकडी आणि डाव्या हाताला पूर्वेस ऱ्हाईन नदी, यांच्या दरम्यानच्या सपाट पट्ट्यातून तो दक्षिणेकडे बॉनच्या उत्तर वेशीपर्यंत जातो. वाटेत गोडोर्फ, वेसलिंग व बोर्नहाइम ही ठिकाणे लागतात. बोर्नहाइमच्या बाजूची जमीन भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे, तर वेसलिंग व गोडोर्फ येथे तेलशुद्धीकरणाचे व रसायनांचे मोठे कारखाने आहेत. शेती आणि कारखाने यांचे असे शेजार या छोट्याशा प्रवासात पाहावयास मिळते.

आखणीची तत्त्वे आज साधी वाटतील, पण त्या काळी ती धाडसाची होती. पहिले तत्त्व असे, की दुसरा कोणताही रस्ता या मार्गास समपातळीवर छेदणार नाही. आडवे रस्ते पुलांवरून अथवा पुलांखालून न्यावयाचे. दुसरे, ठरावीक ठिकाणांखेरीज कोठूनही मार्गावर येता अथवा उतरता येणार नाही. तिसरे, पादचारी, सायकली, घोडागाड्या व जनावरे यांना पूर्ण बंदी. फरसबंदी १२ मीटर रुंद असून तीत चार पदर होते, दोन जाण्याचे व दोन येण्याचे. जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांमध्ये आजच्यासारखा दुभाजक मात्र नव्हता. ताशी १२० किलोमीटर वेग गृहीत धरून मार्गाची आखणी केलेली होती. त्या वेळच्या बहुतेक मोटारी याच्या निम्म्या वेगानेच धावत, हे लक्षात घेतले म्हणजे आखणाऱ्यांची दूरदृष्टी ध्यानात येते.

बांधकाम आणि बेकारी

प्रत्यक्ष कामास ऑक्टोबर १९२९ मध्ये सुरुवात झाली. याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जागतिक मंदी सुरू झाली. अमेरिकन कर्जांवर उभी असलेली जर्मन अर्थव्यवस्था तिच्या तडाख्यात लवकरच सापडली. कारखाने बंद पडू लागले. १९३२ च्या आरंभी जर्मनीतील नोंदलेल्या बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली होती.

अशा परिस्थितीत हा रस्ता म्हणजे वाहतुकीची सोय एवढेच राहिले नाही. बेकारांना नुसता भत्ता देण्याऐवजी समाजोपयोगी काम देऊन मजुरी द्यावी, हे धोरण वायमार प्रजासत्ताकाच्या काळात रूढ झाले होते. या मार्गाचे कामही त्याच धोरणानुसार चालले. अधिकाधिक हातांना काम मिळावे म्हणून यंत्रांचा वापर जाणूनबुजून कमी ठेवण्यात आला. माती खणणे, भराव घालणे, दगड पसरणे यांपैकी पुष्कळसे काम फावडी, कुदळी व ढकलगाड्या यांच्या साहाय्याने झाले. सुमारे साडेपाच हजार कामगार या कामावर राबले. एकंदर खर्च ८६ लाख राईश्समार्क झाला, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ४ लाख ३० हजार मार्क.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. यंत्रे उपलब्ध असताना माणसांकडून खणून घेणे यात शहाणपण कोणते? केवळ खर्चाच्या हिशेबाने पाहिले तर यंत्राची बाजू वरचढ ठरेल. पण घरी चूल पेटविण्याची भ्रांत असलेल्या माणसाचा हिशेब निराळा असतो. मजुराच्या घरातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आठवड्याच्या शेवटी हातावर पडणारी मजुरी ही त्या कुटुंबाची भाकरी असते, आणि तिच्याबरोबर आपण कुणाच्या दयेवर जगत नाही हे समाधानही असते.

उद्घाटन

तीन वर्षांपेक्षा कमी काळात काम पुरे होऊन ६ ऑगस्ट १९३२ रोजी आडेनाउअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. भविष्यकाळातील रस्ते असेच असतील, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढल्याचे सांगतात. पथकर नसलेला, सर्व मोटारींना खुला आणि कोठेही समपातळीवर न छेदलेला असा हा जर्मनीतील पहिला सार्वजनिक मोटारमार्ग होय. या दिवशी हिटलर सत्तेवर नव्हता. तो चॅन्सलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी.

दंतकथेचा जन्म

सत्ता हाती येताच नाझींची भूमिका बदलली. ज्या योजनेस त्यांनी विरोध केला होता, तीच आता ‘फ्यूररचे रस्ते’ म्हणून मिरवली जाऊ लागली. जून १९३३ मध्ये ‘राईश्सऑटोबान’विषयीचा कायदा झाला. फ्रिट्झ टोट यांची रस्ते बांधणीचे सर्वोच्च निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. ‘हाफ्राबा’ने वर्षानुवर्षे खपून तयार केलेले आराखडे आयतेच हाती आले. २३ सप्टेंबर १९३३ रोजी फ्रांकफुर्टजवळ हिटलरने समारंभपूर्वक पहिले फावडे मारले. त्याची छायाचित्रे व चित्रपट देशभर दाखविण्यात आले. फ्रांकफुर्ट ते डार्मश्टाट हा पहिला टप्पा १९ मे १९३५ रोजी खुला झाला.

मग कोलोन-बॉन मार्गाचे काय करावयाचे? तो तर आधीच तयार होता आणि त्यावर मोटारी धावत होत्या. यावर उपाय सोपा होता. या मार्गास ‘ऑटोबान’ न म्हणता ‘लांडश्ट्रासे’, म्हणजे साधा प्रादेशिक रस्ता, असा दर्जा देण्यात आला. कागदावरील एक शब्द बदलला आणि ‘पहिला’ हा मान मोकळा झाला! ज्यांनी मार्गाचे उद्घाटन केले त्या आडेनाउअरांना मार्च १९३३ मध्येच महापौरपदावरून दूर करण्यात आले होते.

बेकारी हटल्याचे श्रेयही या रस्त्यांना दिले जाते. त्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. रस्त्यांमुळे सहा लाख लोकांना काम मिळेल असा प्रचार झाला, पण प्रत्यक्ष बांधकामावरील कामगारांची संख्या ऐन भरात, १९३६ साली, सुमारे सव्वा लाखच होती. साठ लाख बेकारांच्या मानाने हा आकडा अगदी लहान आहे. बेकारी घटली ती मुख्यतः शस्त्रास्त्रांचे कारखाने व १९३५ पासूनची सक्तीची सैन्यभरती यांमुळे. जी माणसे रस्त्यांवर कामाला होती, त्यांचीही मजुरी तुटपुंजी व राहण्याच्या बराकी निकृष्ट होत्या. महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धकैदी, ज्यू व इतर वेठबिगार यांना या कामास जुंपण्यात आले. पुढे युद्धाच्या ओघात बहुतेक बांधकाम थांबले. तोपर्यंत सुमारे ३८०० किलोमीटर मार्ग तयार झाले होते. हे काम लहान होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याची कल्पना, तंत्र व पहिले उदाहरण ही तिन्ही आधीच्या प्रजासत्ताकाची देणगी होती.

युद्धोत्तर काळ

१९४९ साली पश्चिम जर्मनीचे संघराज्य स्थापन झाले व बॉन ही त्याची राजधानी ठरली. पहिले चॅन्सलर झाले तेच कोनराड आडेनाउअर. १९६३ पर्यंत ते या पदावर होते. ज्या छोट्या मार्गाचे उद्घाटन त्यांनी महापौर म्हणून केले, तो आता राजधानीचा मार्ग झाला. परदेशी वकिलातींच्या मोटारी त्यावरून भरधाव जात, म्हणून लोकांनी गमतीने त्यास ‘मुत्सद्द्यांचे शर्यतीचे मैदान’ असे नाव ठेवले.

१९५८ साली या मार्गास अखेर ऑटोबानचा दर्जा मिळाला. जो मान उद्घाटनाबरोबरच मिळावयास हवा होता, तो मिळण्यास २६ वर्षे लागली. १९६४ ते १९६६ या काळात रुंदीकरण होऊन तो सहा पदरी झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यास नवी क्रमांकपद्धती आली, तेव्हा ‘ए ५५५’ हे आजचे नाव रूढ झाले. कोलोनच्या दक्षिणेस तो ‘ए ४’ या पूर्व-पश्चिम मार्गास मिळतो व बॉनच्या उत्तरेस ‘ए ५६५’ ला. १९९१ साली संसदेने संसद व सरकार यांचे ठाणे बर्लिनला नेण्याचा निर्णय घेतला आणि १९९९ मध्ये ती तिकडे गेली. मुत्सद्द्यांच्या मोटारी कमी झाल्या, पण कामावर जाणाऱ्या सामान्य माणसांची वर्दळ चालूच आहे. आज जर्मनीत १३ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे मोटारमार्ग आहेत. त्या साऱ्या जाळ्याचा हा पहिला धागा होय.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, हुकूमशाहीच मोठी कामे करू शकते हे गृहीतच मुळात पोकळ आहे. एका प्रांतिक प्रशासनाने, मंदीच्या काळात, लोकशाही राज्यव्यवस्थेत, कोणाला वेठीस न धरता हा मार्ग पूर्ण केला. दुसरी गोष्ट अशी, की इतिहास पुसण्यासाठी दर वेळी ग्रंथ जाळावे लागतात असे नाही. कधी कधी सरकारी दफ्तरातील एक वर्गवारी बदलली तरी पुरते. तेवढ्या बदलाने निर्माण झालेली समजूत नव्वद वर्षांनंतरही जगभर लोकांच्या तोंडी आहे.

महापौराचे नाव राहिले, हुकूमशहाचेही राहिले. ज्या साडेपाच हजार माणसांनी फावड्याने ती माती उपसली, त्यांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. तेव्हा यापुढे ‘रस्ते कोणी बांधले?’ असा प्रश्न कोणी विचारलाच, तर कोणत्याही पुढाऱ्याच्या आधी या माणसांचा उल्लेख करावा. इतिहासाचे पुस्तक वाचणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करण्यास हरकत नाही.